सगळ्यांच्या बोलीतला विलाप

तास्कोसनं मरायचं ठरवलं ते नदीचा पूर ओसरल्यावर. "कालव्याचं पाणी उतरलं की मी निघालो," असं तो द्राक्षाच्या मांडवाखाली खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि तेही असं की जसा काही शेजारच्या गावी लग्नालाच निघालाय. लोक हसत. त्याची लेक निकाया मात्र हसत नसे. बाप एकदा बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मरा बापडे," ती चिडून म्हणे, "पण आधी ही मसूर गिळा."

"मसूर गिळतो. पण माझ्यावर रडायला क्रेत बेटावरची बाई आण. आमच्या बोलीत रडणारी. तुझ्या त्या बाजारी बोलीत गळा काढलास तर तिरडीवरून उठून थोबाडीत देईन, सांगून ठेवतो."

बाजारी बोली म्हणजे तरी काय? आपली नेहमीचीच की हो! सोतेरा गावात राजानं आपल्या म्हाताऱ्या शिपायांना जमिनी वाटून दिलेल्या. तळ्याकाठी एका अंगाला क्रेतचा तिरंदाज तास्कोस, त्याच्या बांधाला बांध लावून थ्रेसचा घोडेस्वार, पलीकडे सीरियाचे, यहुदी, मासेदोनी, आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचे इथले मिसरी. देवाला हाक मारायची ती ज्याची त्यानं आपल्या बोलीत. पण मीठ मागायचं, बकरी विकायची, पाण्याच्या पाळीवरून एकमेकांचा उद्धार करायचा तो एकाच बोलीत. तिला कोइने म्हणत, म्हणजे सगळ्यांची. गावची विहीर सगळ्यांची, पाव भाजायची भट्टी सगळ्यांची, तशी बोलीही सगळ्यांची.

तास्कोसला तिचा कोण राग! "ना आई ना बाप," तो म्हणे. "छावणीत जन्मली, बाजारात वाढली. हिच्यात उधार मागता येतं, भांडता येतं. बायकोसुद्धा मागता येते, मीच मागितली. पण रडता येत नाही."

"का नाही?"

"का म्हणजे? हिच्यात अजून कुणी मेलंय का?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे निकायालाही ठाऊक होतं. गावात माणूस गेलं की दारात पाण्याचा घडा ठेवत, आत त्याच्या जातभाईंच्या बायका त्यांच्या बोलीत विलाप करत आणि बाकीचं गाव भिंतीबाहेर भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन मुकाट उभं राही. परक्यानं आत जायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. विलापात परका शब्द पडला तर मेलेला माणूस भलत्याच देवाच्या दारात जाऊन उभा राहतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आणि विलाप झालाच नाही, तर ते त्याहून वाईट. आपल्या माणसानं नाव घेऊन हाक मारली म्हणजे मेलेला एकदा मागे वळून बघतो, निरोप घेतो आणि वाटेला लागतो. हाक आली नाही तर बसतो अलीकडच्याच काठावर, चुकलेल्या बकरीसारखा.

निकायाला हे फार जवळून कळलेलं. तिची आई मिसरी. आई गेली तेव्हा माम्या-मावश्यांनी डोक्याला चिखल फासून, ऊर बडवून घर दणाणून सोडलं होतं. लहानगी निकाया दारापाशी उभी होती. बापानं तिला सगळ्यांच्याच बोलीत वाढवलेलं, आईच्या बोलीतले चार शब्द तिला येत, पण ते भातुकलीचे. मावशीनं तिला बाजूला केलं. रागानं नाही, काळजीनं. पोरीच्या तोंडून भलता शब्द जायचा. आईला तिनं हाक मारली नाही. ती न मारलेली हाक अजून तिच्याजवळच होती. म्हणून म्हाताऱ्याचा हट्ट कितीही डोक्यात गेला, तरी तिनं मनाशी धरलं होतं: बाबांना तरी नीट पोचवायचं. काहीही होवो.

तिचा नवरा वरच्या ठाण्यावर पहाऱ्याला, सहा-सहा महिने घरी नाही. तेव्हा तिनं बांधशेजारी दिझासला गाठलं. हा तो थ्रेसचा घोडेस्वार. आता घोडा जाऊन गाढव आलेलं, पण मिशा घोडेस्वाराच्याच.

"दिझासकाका, मगरदेवाच्या शहरात जाऊन येता का? तिथल्या पलटणीत क्रेतचे लोक आहेत. त्यांच्यात विलाप करणारी बाई आहे म्हणतात. दोन रांजण द्राक्षरस देईन म्हणावं."

"म्हाताऱ्यासाठी दोन रांजण?" दिझास खो खो हसला. "अगं, आमच्यात माणूस मेलं की आम्ही हसतो, नाचतो. सुटला बिचारा, म्हणतो. मी फुकट हसून देतो की!"

"काका!"

"जातो बाई, जातो. बापाची जीभ अगदी तुझ्या तोंडात उतरली आहे."

बाईचं नाव अर्खिप्पा. गाढवावरून उतरली तीच मुळी "पाणी द्या, मेले मी" म्हणत. अंगानं भरभक्कम, आवाज घोगरा, केसांत मेंदीचा लाल रंग. आल्याबरोबर तिनं तीन कांदे, अख्खी भाकरी आणि खारवलेला मासा फस्त केला आणि बोटं चाटत मांडवाखाली पाहिलं.

"हेच का ते? चांगले धडधाकट दिसतात की! मला वाटलं, थंड झाले असतील."

"दादा म्हण मला," तास्कोस खाटेवरून गरजला. "आणि कोणत्या गावची तू?"

अर्खिप्पा त्याच्या उशाशी जाऊन बसली आणि बोलू लागली. तिच्या बोलीत. निकाया हातातलं काम टाकून बघत राहिली. काय तो आवाज! मघाशी मासा मागणारी बाई ती हीच का? शब्द असे यायचे की जसं कुणी डोंगरावरून दगड लोटतंय. जड, गोल, एकामागून एक. निकायाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी अंगावर काटा आला. हे बाबांचं, ती मनात म्हणाली. हे इतकं जुनं, इतकं मोठं बाबांच्या आत सगळा जन्म होतं आणि मी त्यांना मसुरीवरून बोलत बसले.

मग तिचं लक्ष बापाच्या तोंडाकडे गेलं.

तास्कोस मान हलवत होता. हसतही होता. पण ते हसू कसलं, ते निकायाला बरोबर ठाऊक होतं. सरकारी कारकून आला, भराभरा बोलू लागला, की बाबा अस्सेच मान हलवत.

"जरा सावकाश बोल," तो शेवटी म्हणाला. "कान गेलेत माझे."

ती सावकाश बोलली.

तास्कोसनं घसा खाकरला आणि उत्तर दिलं, चांगलं लांबलचक, छाती फुगवून. गाव, डोंगर, आईचं नाव, धनुष्य. अर्खिप्पानं ते ऐकून घेतलं. मग निकायाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे तर कोइनेच आहे. मधे मधे बकरीचं नाव तेवढं आपलं."

काय झालं म्हणता! म्हातारा असा उसळला की खाट करकरली. "ही खोटी आहे! लबाड आहे! ही क्रेतची नव्हेच, रोड्सची असेल! कुणी आणली हिला? दिझास, गाढवा, तुला क्रेत आणि रोड्स कळत नाही?"

"मला कसं कळणार? मला तर तुम्ही सगळे सारखेच," भिंतीपलीकडून दिझास म्हणाला.

अर्खिप्पा रागावली नाही. असल्या शिव्या तिनं पुष्कळ ऐकल्या असणार. तिनं पदर सावरला आणि नुसता सूर धरला, ओठ मिटून. जित्या माणसासमोर विलापाचे शब्द म्हणायचे नसतात, अपशकुन. पण नुसत्या सुराला कुणाची हरकत नाही. सूर खाली उतरला, तिथेच घुटमळला, पुन्हा वर चढला. मांडवातल्या चिमण्यासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या निकायाला.

तास्कोसचं तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही.

"हेच," तो म्हणाला. "माझा भाऊ कड्यावरून पडला तेव्हा आईनं हेच म्हटलं होतं. अख्खा डोंगर ऐकत होता." आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, "सूर कळतो गं. शब्द कळत नाहीत."

त्या दिवशी त्यानं मसूर खाल्ली नाही, शिवी दिली नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. शेजारची तामेनिस, निकायाच्या आईची मैत्रीण, जवाची पेज घेऊन आली, तिलाही त्यानं परत पाठवलं. तामेनिसनं निकायाच्या कानाशी लागून म्हटलं, "शिवी देत नाही म्हणजे खरंच जातोय गं पोरी." आणि डोळ्याला पदर लावला.

दिवेलागणीला निकाया एरंडेलाचा दिवा घेऊन त्याच्याजवळ बसली.

"तिला खोटी म्हणालो मी," तास्कोस भिंतीकडे बघतच म्हणाला. "खोटा मी निघालो. इतकी वर्षं मिरवत होतो, क्रेती आहे, क्रेती बोलतो. अरे, मी बोलत काय होतो?"

"बाबा, असू दे."

"असू दे काय? कुठं सांडली माझी बोली? एक दिवस उठलो आणि नव्हती असं तर झालं नाही. आईनं दिलेली वस्तू. कमरेचा पट्टा हरवला असता तरी कळलं असतं." तो वळला. "मी झोपेत बोलतो ना?"

"गावाला ऐकू जाईल इतकं."

"कोणत्या बोलीत?"

खोटं बोलावं की काय, असं निकायाला क्षणभर वाटलं.

"मला सगळं कळतं, बाबा," ती म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून आवाज आला, आणि निकाया घाबरली, पण ते हसणं होतं. "म्हणजे तिथंही घुसली! बघ हं, झोपेतसुद्धा घुसली!" हसता हसता खोकला आला, तिनं पाणी पाजलं. मग तो नीट उशीला टेकून बसला, आणि बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज निकायाला अनोळखी वाटला. त्यात बढाई नव्हती.

"तुला सांगतो. आमच्या तंबूत आम्ही कुणी एका गावचे नव्हतो. एक आर्केडियाचा, एक रोड्सचा गोफणवाला, एक कुठला तरी डोंगरी मासेदोनी, तो बोलला की आम्हाला वाटायचं याला ओकारी येतेय. पहिल्या हिवाळ्यात आम्ही खुणांनीच भाकरी मागायचो. मग प्रत्येकानं आपले अवघड शब्द सोडले. कुणी सांगितलं नाही बरं का, सोडा म्हणून. ज्यानं समोरचा बुचकळ्यात पडतो तो शब्द आपोआपच तोंडातून निघेनासा झाला. आणि एक दिवस त्या मासेदोन्यानं एक गोष्ट सांगितली, त्याच्या म्हातारीची आणि कोंबड्याची, आणि आम्ही सगळे एकदम हसलो. एकदम! कुणाला कुणी समजावून सांगितलं नाही." तास्कोस दिव्याकडे बघत होता. "राजांनी शहरं बांधली, तिथं ढोल वाजले. ही बोली बांधली गेली तेव्हा काहीच वाजलं नाही. कुणी केलीच नाही ती, पोरी, आणि झाली. माझ्या डोळ्यांदेखत झाली. आणि मी इथं बसून तिला अनाथ म्हणतोय!"

निकायाच्या अंगावर पुन्हा काटा आला. विहिरीवर घागर आपटत आपण जी बोलतो, ती या खाटेवरच्या माणसानं आणि त्याच्यासारख्या कुणाकुणा मेल्या-हरवल्या शिपायांनी तंबूत बसून, न कळत, भाकरी मागता मागता घडवली? हे तिच्या डोक्यात मावेना.

"पण मग आता मला हाक कोण मारणार?" तास्कोसनं विचारलं. लहान मूल विचारतं तसं. "तिची बोली मला कळायची नाही. आणि हिच्यात तर रडणंच नाही."

निकायानं त्याचा हात धरला. तो हात धनुष्यानं घट्टे पडलेला, अजून जड होता.

कालव्याचं पाणी उतरलं, आणि दिल्या शब्दाप्रमाणे तास्कोस गेला. दुपारी, झोपेत. शेवटचं वाक्य दिझासच्या गाढवाला उद्देशून होतं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आंघोळ घालून, तेल लावून, पांढऱ्या कापडात अंगणात ठेवलं, पाय दाराकडे. दारात पाण्याचा घडा मांडला. गाव भिंतीबाहेर जमलं. तामेनिस भाकऱ्या घेऊन, दिझास हात मागे बांधून, यहुद्यांच्या घरच्या बायका, भट्टीवाला, सगळे. आणि सगळे मुकाट, जसं असायला हवं तसं. आत प्रेताजवळ दोघीच बायका: अर्खिप्पा आणि निकाया.

अर्खिप्पानं केस सोडले आणि सुरू केलं.

काय सांगू! ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. तोच दगड लोटणारा आवाज, पण आता मोकळा, शब्दांसकट. भिंतीबाहेरची पोरंटोरं आयांना बिलगली. निकायाला वाटलं, जमिनीखाली कुणीतरी जागं होतंय. इतकं थोर काही तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. दोन रांजण काय, वीस दिले तरी थोडेच. बाबा, तुमच्या मनासारखं झालं, ती मनात म्हणाली, आणि खाली बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

चेहरा शांत होता. म्हातारे पाहुणे पंगतीत बसतात, भोवतीचं बोलणं त्यांना ऐकू येत नसतं आणि तरी बरं दिसावं म्हणून तोंड हसरं ठेवतात, तसा.

त्यांना कळत नाहीये! अंगणात एवढा डोंगर हलतोय, आणि ज्याच्यासाठी हलतोय त्याला एक शब्द कळत नाहीये. तो कसा वळणार? कोणत्या हाकेला? हा असाच मान हलवत, कळल्यासारखं दाखवत जाणार, आणि काठावर बसणार.

"थांब," ती म्हणाली.

अर्खिप्पा थांबली नाही. विलाप मधे थांबवत नसतात. निकायानं तिचा दंड धरला. "मावशी, थांब. त्यांना कळत नाही."

आवाज तुटला. भिंतीबाहेर कुजबुज झाली, कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. अर्धवट तोडलेला विलाप म्हणजे काय थट्टा आहे? अर्खिप्पाचे डोळे विस्फारले. "वेडी आहेस का? आता तू पुढं नाही म्हटलंस तर अडकेल तो. तुला येतं काय म्हणायला?"

"काही येत नाही," निकाया म्हणाली. भलता शब्द गेला तर? भलत्या दारात नेऊन सोडला आपणच बापाला, तर? आईच्या वेळी निदान बाजूला करायला मावशी होती. आता कुणी बाजूला करणारं नव्हतं.

ती खाली वाकली, बापाच्या कानाशी.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी निकाया. इकडे बघा."

त्यात सूर नव्हता. रोज सकाळी उठवायची तसंच. मग पुढचे शब्द आले, आणि ते येताना वर चढले, आणि अर्खिप्पानं ओठ मिटून धरलेला तो सूर कधी त्यांच्याखाली येऊन उभा राहिला ते निकायाला कळलंच नाही.

"ऊठ म्हणत नाही बाबा, उठलास तर भांडशील.
रस अजून रांजणात खदखदतोय, चाखून नाक कोण मुरडणार?
आई गेली तेव्हा माझी वेणी तू घातलीस,
वाकडी घातलीस बाबा, मी तशीच मिरवली.
पोरीच्या हाती धनुष्य देऊ नको म्हणाले,
तू त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास आणि मला दोरी ओढायला शिकवलीस.
कुणाकुणाच्या लढाया लढलास, सगळ्या जखमा छातीवर.
आता एकटा कुठं निघालास? तिथं कुणाशी भांडशील?
मसूर निवली, बाबा. मी कुणावर ओरडू?
मागे वळून बघ, बाबा. मागे वळून बघ."

आणि ती थांबली, कारण श्वास संपला. मसूर, वेणी, रांजण. हे तर रोजचे शब्द! सकाळपासून रात्रीपर्यंत वापरून झिजलेले. त्यांच्या आत हे असं काही होतं, इतकी वर्षं, आणि आपल्याला पत्ता नाही? तिला स्वतःच्या तोंडाची भीती वाटली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. कापरा, म्हातारा.

"मागे वळून बघ, दादा."

तामेनिस. परक्याच्या विलापात, मिसरी बाई. तिनं स्वतःच तोंडावर हात दाबला. पण शब्द गेला तो गेला.

"मागे वळून बघ, मित्रा," दिझास म्हणाला. मेल्यावर हसणाऱ्यांच्या जातीचा तो, मिशांतून पाणी गळत होतं आणि तो ते गिळत होता. "भांडायला मी येतोच आहे मागनं. घाई कशाला केलीस?"

मग कुणी थांबलं नाही. भट्टीवाला म्हणाला, शेजारी. यहुद्यांच्या बायका म्हणाल्या, काका. ज्यानं त्यानं आपलं नातं घातलं, पण बोलावलं एकाच हाकेनं, आणि सगळ्या गावाला सगळ्या गावाचं कळत होतं. एकाचं रडणं दुसऱ्याला पहिल्यांदाच कळत होतं! इतकी वर्षं भिंतीबाहेर उभं राहून माणसं जे ऐकत आली ते नुसते आवाज होते. आता कळलं, की आत हेच चाललेलं असायचं. तामेनिस घड्याला वळसा घालून आत आली, दारातच तिनं मूठभर माती कपाळाला फासली, आपल्या माणसासाठी फासतात तशी. तिच्या मागून दिझास. त्याच्या मागून सगळे. अंगण भरलं, मांडवाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. निकाया पुन्हा उभी राहिली. ती हाक मारी आणि गाव उत्तर देई, उन्हं कलेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत तास्कोसला तळ्याकाठच्या वाळूत ठेवून सगळे परतले. तो वळला का, हे निकायाला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

अर्खिप्पा निघायच्या तयारीत होती. दिझासनं रांजण गाढवावर बांधले, तिला वर बसवलं. ती बसली, पण लगाम हातात घेईना.

"आजवर मी पैसे घेऊन रडले," ती म्हणाली. "पण माझ्या डोळ्यांना पाणी असं नाही यायचं. धंदा आहे. काल आलं." तिनं नाक पुसलं. "आमच्या पलटणीतल्या म्हाताऱ्यांना मी पोचवते. त्यांच्या पोरांना माझी बोली येत नाही. माझ्या पोरालाही येत नाही. मी शेवटची आहे गं इथं, शब्द येणारी. मला कोण पोचवणार, हा विचार करायला नको म्हणून मी खात बसते."

गाढव कान हलवत उभं होतं.

"येशील माझ्यासाठी?" अर्खिप्पानं विचारलं. "असंच? मसूर-बिसूर घालून?"

"येईन, मावशी," निकाया म्हणाली. "पण काय म्हणू? तुझं मला काहीच माहीत नाही."

अर्खिप्पानं तिच्याकडे पाहिलं. मग दिझासच्या खांद्यावर हात टेकून, धापा टाकत, ती पुन्हा गाढवावरून खाली उतरली, पायरीवर बसली आणि निकायासाठी बाजूला जागा केली. "मग ऐक," ती म्हणाली. "आम्ही पाच बहिणी होतो."